मुक्या जनावराची कैफियत

जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्याचे दुखणे मालकाने सांगायचे असते. पण दवाखान्यात अनेकदा इंजेक्शन आधी भरले जाते आणि विचारपूस मागाहून होते. हा क्रम बदलायला हवा.

बीड जिल्ह्यात चौसाळ्यासारख्या ज्वारीच्या भागात ‘आज गाय कुठे चरली?’ या एका प्रश्नावर तिचा जीव वाचू शकतो. पाण्याच्या ताणात वाढलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाल्ले, की पोटात सायनाइडचे विष तयार होऊ शकते. जनावर धापा टाकते, झोकांड्या खाते आणि थोड्याच वेळात दगावू शकते. पोटफुगी समजून तेल पाजत बसले, तर सोडियम थायोसल्फेटचे शिरेतून द्यायचे इंजेक्शन लांबते.

दुसरा प्रश्न कुत्रे चावल्याचा. लाळ गाळणाऱ्या म्हशीच्या घशात काही अडकले असेल, असे वाटून मालक तोंडात हात घालतो. तो रेबीज असेल, तर धोका घरापर्यंत येतो. चावा काही महिन्यांपूर्वीचा असू शकतो. विचारल्याशिवाय तो आठवत नाही.

पण विचारायचे कोणाला? जनावर घेऊन येतो घरचा पुरुष. धार काढणारी, चारा टाकणारी बहुधा बाई असते. ऊसतोडीच्या हंगामात जोडपी बाहेरगावी जातात आणि गाय-शेळ्या म्हाताऱ्यांवर सोपवल्या जातात. रवंथ कधी थांबला, दूध कधी आटले, हे त्यांनाच ठाऊक असते. फोन लावून त्यांना विचारायला दोन मिनिटे पुरतात. गर्दीचे कारण खरे आहे, पण चुकीच्या उपचाराने तेच जनावर दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात येते.

मालकानेही काही लपवू नये. झाडपाला पाजला, कुणाकडून सुई टोचून घेतली, हे ओरडा बसेल म्हणून सांगितले जात नाही. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी ‘घरी काय काय केले?’ असे सरळ विचारले, तर उत्तर मिळते.

१९६२ या मदत क्रमांकावर फोन करतानाही चारा, पाणी, शेण, दूध, गाभणपण, लसीकरण आणि आधीचे औषध एवढे सांगावे. औषधाची रिकामी बाटली फेकू नये, डॉक्टरांना दाखवावी.