स्कूटर चोरीला गेली त्यांची, समन्स आलं मला

चामराजपेटच्या आमच्या खोलीवर बेलीफ आला तेव्हा मी कामावर होतो. बायकोने सही करून कागद घेतला. शेजाऱ्यांचं म्हणणं, घ्यायलाच नको होता. हे चूक आहे. नाकारलेलं समन्सही बजावलेलंच धरलं जातं. आपल्याला फक्त आत काय लिहिलंय ते कळत नाही.

आत लिहिलं होतं ते असं : आमच्या आधीच्या घरमालकांची स्कूटर मी वापरायला नेली, माझ्या हलगर्जीपणामुळे ती चोरीला गेली, सबब मी पंचाहत्तर हजार रुपये आणि त्यावरचं व्याज द्यावं.

घडलं होतं वेगळंच. मार्चमध्ये त्यांच्याच आईला दवाखान्यात नेऊन आणायला मी ती स्कूटर घेतली. संध्याकाळी त्यांच्या फाटकाच्या आत लावली, हँडल लॉक केलं, चावी त्यांच्या हातात दिली. स्कूटर गेली ती त्यानंतर दोन दिवसांनी. तेव्हा मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. मग १४ एप्रिल आला. आम्ही दाराशी बाबासाहेबांची तसबीर ठेवून हार घातला. तोवर मी ‘पुण्याचे सर’ होतो. त्या दिवसापासून नळाच्या वेळा बदलल्या, महिन्याच्या आत खोली रिकामी करा म्हणून निरोप आला. खोली सोडली आणि अ‍ॅडव्हान्स परत मागितला. बेंगळुरूत तो दहा महिन्यांच्या भाड्याएवढा घेतात, म्हणजे आमच्यासारख्यांची सगळी पुंजी. त्या मागणीला उत्तर म्हणून हा दावा आला.

वडिलांचा सोलापूरहून फोन : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मेहुणा म्हणाला, अ‍ॅडव्हान्स सोडून दे, मिटव. परका मुलूख, परकी भाषा. दोघंही माझ्या काळजीनेच बोलत होते. पण ज्याच्यापुढे चढायची की नाही हा पर्याय असतो, त्याच्यासाठी ती म्हण आहे. चवदार तळ्याचं पाणी घेतलं म्हणून १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळं खासगी आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या खटल्यात बाबासाहेब प्रतिवादी होते, आणि त्यांनी तो १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत लढवला. आपण सत्याग्रह आठवतो, मनुस्मृतिदहन आठवतो. ही जवळजवळ दहा वर्षांची तारखांची चिकाटी फारशी सांगत नाही.

खोट्या दाव्याची खरी ताकद आपल्या गैरहजेरीत असते. दावा लावणाऱ्याला ठाऊक असतं की हा माणूस घाबरेल, रजा बुडेल म्हणून येणार नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा होईल. त्यातही लघुवाद न्यायालयाचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे तिथलं समन्स थेट अंतिम निकालासाठी असतं. पहिल्याच तारखेला कागद आणि साक्षीदार घेऊन जायच्या तयारीने राहावं लागतं. महाराष्ट्रात मुंबईबाहेर लागू असलेल्या १८८७ च्या कायद्याखाली तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा झाला, तर आधी ती रक्कम भरावी लागते किंवा तारण द्यावं लागतं.

माझं उत्तर साधं आहे. करार कायद्याचं कलम १५१ म्हणतं, दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी. तेवढी घेतली असेल तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी येत नाही. इथे तर वस्तू परत दिलेली होती. दाव्यासोबत एफआयआरची प्रत नाही, विम्याचा कागद नाही. पंचाहत्तर हजारांची गाडी जाते आणि मालक पोलिसांत जात नाही, हे न्यायाधीशांनी त्यांनाच विचारावं. अ‍ॅडव्हान्सची वजावटही मी लेखी मागितली आहे.

आता अ‍ॅट्रॉसिटीचा मुद्दा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर खोटा, आकसाचा किंवा त्रास देण्यासाठी दावा लावणं हा १९८९ च्या कायद्याच्या कलम ३(१)(पी) खाली गुन्हा आहे. बऱ्याच कार्यकर्त्यांनाही हे कलम माहीत नसतं. दुसऱ्या राज्यात गेलेल्याला या कायद्याचं संरक्षण नाही, असं मला एका वकिलाने तोंडावर सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये नेमकं उलट म्हटलं आहे. तो निकाल कर्नाटकात बंधनकारक नाही, पण दाखवता येतो. तरीही मी त्या कलमापासून सुरुवात केलेली नाही. आधी दावा खोटा ठरू दे. मग तोच निकाल हातात घेऊन फिर्याद देता येईल. घाईने दिलेली आणि पुराव्याअभावी पडलेली फिर्याद पुढच्या माणसाला महागात पडते. यावर आपल्यात मतभेद आहेत, ते असू देत.

वकिलाला द्यायला पैसे नव्हते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन. मी सिद्धय्या रोडवरच्या न्याय देगुलला गेलो, अर्ज भरला. मिळालेली वकीलबाई कन्नडिग आहे, माझ्या मोडक्या कन्नडला हसते आणि प्रत्येक कागद दोनदा वाचते.

साक्षीदारांचं काय, हा घोर होता. चावी परत देताना समोरची फुलवाली अज्जी तिथेच गजरे ओवत बसली होती. तिला विचारायला मी आठवडाभर कचरत होतो. तिला त्याच गल्लीत राहायचंय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तारीख कोणती, एवढंच विचारलं. त्या दिवशी बाजारातून फुलं लवकर आणीन म्हणाली.