खरा सत्कार

समारंभात शाल-श्रीफळ अर्पण केले, की सेवकांचे ऋण फिटले असे आपण मानतो. मला हे पटत नाही. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांना १९५९ साली पद्मभूषण लाभले. परंतु वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून ज्यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले, त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९३० सालीच निवर्तल्या होत्या. तो दिवस पाहावयास त्या उरल्या नाहीत.

म्हणून, बालमित्रहो, सत्काराला विलंब लावू नये. वर्ग झाडणारे शिपाईमामा, खिचडी शिजविणाऱ्या मावशी आज तुमच्यासमोर आहेत. त्यांना आदराने नमस्कार करा. वर्गात कपटा टाकू नका. ताटात अन्न सोडू नका. त्यांच्या श्रमांचा मान राखणे, हाच त्यांचा खरा सत्कार होय.