‘तितली’मधला गप्प बाप

कनू बहल यांचा ‘तितली’ घरच्यांसोबत बसून बघण्यासारखा नाही, अशी तक्रार आपली पोरं करतात. मी म्हणतो, तो घरच्यांसोबतच बघायला हवा.

२०१४ साली कान महोत्सवात दाखवलेल्या या सिनेमात दिल्लीतले तीन भाऊ आहेत. थोरला विक्रम बायकोला मारतो, भावांना घेऊन गाड्या लुटतो. धाकट्या तितलीला या घरातून सुटायचंय. भाऊ त्याचं लग्न लावून देतात. टोळीत बाई असली की धंद्याला बरं! आणि हाच सुटू पाहणारा तितली पुढे नीलूचा हात हातोड्याने मोडतो. का, तर तिच्या पैशांसाठी भावांना सही घेता येऊ नये. हिंसेतून पळणाऱ्याला उपायही हिंसेचाच सुचतो. घराने दुसरं शिकवलंय काय?

मला जास्त भीती वाटली ती बापाची. तो ओरडत नाही. गप्प बसून बघतो.

‘असली माणसं आपल्यात नसतात’ म्हणू नका. मोर्चात न्याय मागताना आपला आवाज चढतो. घरी भाभी मार खाते तेव्हा ताटावरून मान वर होत नाही. वर म्हणायचं, घरातली गोष्ट घरात राहू दे, इज्जतीचा सवाल आहे.

इज्जत मारणाऱ्यामुळे जाते, सांगणारीमुळे नाही. आज गप्प बसलेला भाऊच उद्या तो बाप होतो.