बिनसहीची सूचना

बँकेत २२ वर्षं काउंटरमागे काढल्यावर माणसाच्या अंगी एकच गुण उरतो : सही पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. खातेदार समोर उभा असला तरी आम्ही आधी सही पाहतो, मग चेहरा. सदाशिव पेठेत याला खडूसपणा म्हणत नाहीत, पद्धत म्हणतात.

तर भाच्याने आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलं. त्यातलंही ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्युशन्स. “मामा, सी-डॅकने काढलंय, २००७ साली. त्यांची मुख्य कचेरी आपल्या पुण्यातच!”

“अरे, दिवसभर एक बॉस असतो, आता घरीही?” मी म्हणालो. यावर सौ.ने असं काही पाहिलं, की घरातली ती जागा रिकामी नसल्याचं मला तत्काळ आठवलं.

बॉस बिचारा सरळमार्गी निघाला. खोडी काढली ती बहिणीशी बोलण्यासाठी बसवलेल्या एका गप्पांच्या प्रोग्रामने. दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू झालं की हा गडी हजर! तोही कोपऱ्यात गुपचूप नव्हे, पडदाभर पसरून.

“अहो, याला बोलावलं कुणी?” सौ.चा प्रश्न बिनतोड होता.

भाच्याने छडा लावला. ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या दडलेल्या फोल्डरात ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं कपाट असतं. त्यात महाशयांनी स्वतःच स्वतःच्या नावाची चिठ्ठी ठेवली होती. मी ती फाडली. प्रोग्राम उघडला, की नवी चिठ्ठी तयार! शेवटी भाच्याने चिठ्ठी न फाडता तिच्यातच एक ओळ घातली : हिडन बरोबर ट्रू. चिठ्ठी जागेवर, गडी गप्प. बरं, एखाद्याला सकाळी यायचंच असेल, पण निमूटपणे, तर ते शास्त्र निराळं. कुणाला ‘सायलेंट’ सांगावं लागतं, कुणाला ‘स्टार्ट इन ट्रे’. सगळ्यांना मिळून एक नियम नाही.

आता माझं भांडण ऐका. दर महिन्याला अमुक करा, असं खातेदार लिहून देतो त्याला आम्ही स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतो. ती खातेदार देतो, पैसे घेणारा नव्हे! कार्डावरून दरमहा पैसे कापायचे तर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आधी संमती लागते, आणि कापण्यापूर्वी २४ तास सूचनाही. पैशाला एवढा मान, आणि माझ्या सकाळला काहीच नाही?

“एक खूण काढली की बंद होतं, त्यात काय एवढं?” असं शहाणे म्हणतात. खिसेकापूही म्हणेल, मागितले असते तर परत दिले असते! शिवाय ज्याला ते कपाट ठाऊक नाही, त्याने काय करावं? अशी पाच-सात बिनबोलावलेली मंडळी पहाटेच पंगतीला बसली की जुनं मशीन धापा टाकतं, आणि लोक म्हणतात, “म्हातारं झालं, नवं घ्या.” म्हातारं कसलं? पाहुण्यांनी खाल्लंय त्याला.

मागणी साधी आहे. आधी विचारा. ‘नको’ म्हटलं की पुन्हा चिठ्ठी ठेवू नका. यायचंच तर कोपऱ्यात बसा.

हे सगळं मी सौ.ला तावातावाने ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, “अगदी बरोबर. आणि दर रविवारी आठाच्या ठोक्याला तुमचे पत्तेवाले मित्र येतात, त्यांच्या सूचनेवर माझी सही कुठाय?”

त्यांच्यासाठी कोणती ओळ घालावी, ते भाच्याला विचारायचं आहे.