चिमुकली कपबशी आणि मोठा प्रश्न

‘आजी, चा घे!’ रिकामी वाटी माझ्यापुढे धरून आमची छकुली म्हणाली आणि मी विरघळले. दोन वर्षं पूर्ण व्हायला तिला दीड महिना होता. सकाळी सून चहा टाकते, मी कपबश्या मांडते, हे ती आमच्या पायात घुटमळत रोज बघत असते. तेव्हाच ठरवलं, वाढदिवसाला हिला चहाचा सेट घ्यायचा. किटली, चार कपबश्या, साखरेचं भांडं, दुधाचं भांडं. त्यात काय एवढं? गावची जत्रा तोंडावर आली होतीच.

जत्रेत खेळण्यांचे निम्मे स्टॉल प्लॅस्टिकच्या भातुकलीचेच होते. एकशेवीस रुपये सांगितले, शंभरात दिला. गुलाबी किटली, सोनेरी नक्षी, साखरेच्या भांड्याच्या झाकणावर मोत्यासारखा मणी. मी खूश, छकुली त्याहून खूश. घरी येऊन अर्धा तास झाला नसेल, सुनेच्या लक्षात आलं की पोरीचा एक गाल फुगलाय. तिनं लाडानं ‘आ कर’ म्हटलं. जिभेवर तो मणी! नुसता चिकटवलेला होता, छकुलीनं दोनदा चावल्यावर निघाला. सुनेनं तो अलगद उचलला आणि आम्ही दोघी मटकन खाली बसलो. घशात गेला असता तर? ती रात्र मी जागून काढली.

सून मला बोलली नाही. एवढंच म्हणाली, ‘आई, आता यावर आयएसआयची खूण असावी लागते ना?’ खरं सांगते मैत्रिणींनो, मला हे माहीत नव्हतं. कुकर घेताना मी खूण बघते, इस्त्री घेताना बघते. मुलाला हेल्मेट घ्यायला लावलं तेव्हाही बघितली होती. पण खेळण्याला? दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतली खेळण्यांची चार दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं तर मला वेड्यातच काढलं. ‘काकू, खेळण्याला कसला आलाय आयएसआय? तो गॅसच्या शेगडीला असतो!’

त्या दुकानदाराची चूक एवढीच की तो काही वर्षं मागे राहिला होता. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे आयएसआयची खूण सक्तीची आहे. खेळणं देशात बनलेलं असो की परदेशातून आलेलं, खुणेशिवाय ते विकता येत नाही. हा नियम पहिल्यांदा मोडला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, अशी कायद्यात तरतूद आहे. कागदावर बघितलं तर आमच्या जत्रेतले निम्मे स्टॉल बेकायदा!

हा कायदा काही उगाच आला नाही. २००७ साली मॅटेलसारख्या जगातल्या बड्या कंपनीला लाखो खेळणी बाजारातून परत बोलवावी लागली होती. कारण काय, तर रंगातलं शिसं. जानेवारी २००९ मध्ये आपल्या सरकारनं चीनच्या खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांसाठी बंदी घातली, पण दोनेक महिन्यांतच ती सैल करावी लागली. मग २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेनं दिल्ली परिसरातल्या बाजारातून खेळणी उचलून तपासली. परदेशातून आलेल्यांपैकी सुमारे ६७ टक्के खेळणी चाचणीत नापास झाली. तीन खेळण्यांतली दोन! त्यानंतर चक्रं फिरली. २०२० मध्ये खेळण्यांवरचा आयात कर २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला, २०२३ मध्ये ७० टक्के. सरकारी आकडे सांगतात की २०१८-१९ मध्ये ३७ कोटी डॉलरची खेळणी बाहेरून येत होती, ती २०२१-२२ मध्ये ११ कोटी डॉलरवर आली. २०२५ च्या अर्थसंकल्पात तर भारत खेळण्यांचं जागतिक केंद्र करायची घोषणा झाली.

हे सगळं वाचून अभिमान वाटतोच. पण तो मणी माझ्या नातीच्या तोंडातून निघाला त्यालाही फार दिवस झालेले नाहीत. मग एवढा कायदा जातो कुठे?

शहरातसुद्धा तो सहजी पोचलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये मानक ब्यूरोनं देशभर छापे घातल्याचं जाहीर केलं. विमानतळावरच्या आणि मॉलमधल्या चकचकीत दुकानांतून खूण नसलेली अठरा हजारांहून जास्त खेळणी जप्त झाली होती. म्हणजे महाग दुकान म्हणजे सुरक्षित खेळणं, हाही आपला एक गैरसमजच. पण निदान तिथे तपासायला कुणी गेलं तरी. आमच्या आठवडी बाजारात वजनकाट्याची तपासणी होताना मी बघितली आहे, खेळण्याची कधी नाही. शहरात ज्याला कुणी हात लावणार नाही तो माल फिरत फिरत शेवटी आपल्याच जत्रेत येतो, अशी मला शंका आहे. आणि आपण तो घेतो, कारण तो शंभर रुपयांत मिळतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जत्रेतला तो विक्रेता काही खलनायक नाही. त्याच्या बायकोच्या मांडीवरही माझ्या नातीएवढंच पोर होतं आणि त्याच्या हातात तसलीच किटली होती. त्यानं माल ठोकात उचलला, त्यावर काय असायला हवं हे त्याला कुणी सांगितलंच नाही. नियम करताना हस्तकला विभागाकडे नोंद असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या सक्तीतून वगळलं, ते योग्यच झालं. नाहीतर सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी भातुकली किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखकाम केलेली खेळणी कागदपत्रांतच अडकली असती. पण ज्याची कुठेच नोंद नाही असा घरगुती खेळणी बनवणारा ना सवलतीत बसतो, ना परवान्याचा आणि तपासणीचा खर्च त्याला झेपतो. त्याला हात धरून पुढे आणायचं की दंड लावून बाहेर काढायचं, याचं उत्तर आपण मागायला हवं. सुरक्षित खेळणं फक्त मॉलमधल्या मुलांना आणि बाकीच्यांना नशिबावर सोडलेलं, अशी वाटणी होऊन चालणार नाही.

या खुणेत एवढं काय असतं? खूण मिळण्याआधी खेळण्याचा नमुना पाडून, ओढून, पिळून, दाबून बघतात. लहान मूल जे जे करणार ते सगळं प्रयोगशाळेत आधी करायचं. तुकडा निघाला तर तो एका नळीत टाकून बघतात. नळीचं तोंड ३१.७ मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वा इंच. जो तुकडा त्या नळीत सहज मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. आपल्यालाही घरी हे करता येईल. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी कपाटात कुठेतरी पडलेली असते ना? तिचं तोंड जवळपास तेवढंच. त्या डबीत खेळण्याचा जो भाग जाईल तो लहानग्याच्या हातात द्यायचा नाही. मी आमच्या जत्रेतल्या सेटचे चमचे टाकून बघितले, अख्खे आत गेले!

दुसरी तपासणी रंगाची. शिसं, कॅडमियम, पारा असे विषारी घटक रंगातून किती सुटतात हे मोजतात. भडक पिवळ्या, केशरी, लाल रंगांत पूर्वी शिशाचे क्षार सर्रास वापरायचे. शिसं दिसत नाही, त्याची चव लागत नाही, मूल लगेच आजारीही पडत नाही. पण ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. युनिसेफनं जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं असल्याचं म्हटलं होतं. त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं आपल्या भारतातली. दोष एकट्या खेळण्यांचा नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, रंग, भेसळीचे मसाले अशी त्याची बरीच कारणं आहेत. पण चहाचा सेट हे असं खेळणं की ते तोंडाला लावायचंच असतं. बाहुली मूल कडेवर घेतं, गाडी जमिनीवर फिरवतं, कप मात्र ओठाला जातो. म्हणून त्याच्या बाबतीत जास्त चोखंदळ व्हायचं.

मग घ्यायचा कसा? माझ्या पायपिटीतून शिकलेलं सांगते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस नगांचा सेट नकोच. दोन कप, दोन बश्या, एक किटली पुरे. नग मोठे, जाड, एकसंध असावेत. चिकटवलेले मणी, टिकल्या, चकत्या नकोत. कपाचा कान ओढून बघा. कडेवरून बोट फिरवा, टोचलं तर परत ठेवा. लाल वर्तुळात रडका चेहरा, त्यावर आडवी रेघ आणि ०-३ असे आकडे दिसले, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी नाही, कितीही गोंडस असो. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, रंग उतरला तर नको. लिबलिबीत आणि उग्र वासाचं प्लॅस्टिक नको. खरी चिनी मातीची कपबशी तीन-चार वर्षं वाट बघू शकते. फुटली तर हात कापेल. भांड्यांच्या दुकानातली स्टीलची भातुकली टिकाऊ, पण कडा धारदार निघतात, त्या वळवलेल्या आहेत का ते पाहावं. आणि आजीच्या पेटीतली पितळी भातुकली खेळायला जरूर द्या, मात्र त्यात चिंचेचं किंवा लिंबाचं पाणी ओतून पिऊ देऊ नका.

खूण असली तरी ती खरी का, हेही बघता येतं. आयएसआयच्या चिन्हाखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो. मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो घातला की कंपनीचं नाव येतं. मी सुनेकडून शिकले, दोन मिनिटांचं काम आहे. तक्रार करायची तर त्याच अॅपवर करता येते, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायचा.

पण सगळं ओझं आपल्याच डोक्यावर का? मूल सांभाळायचं बाईनं, खेळणं तपासायचं बाईनं आणि काही झालं की ‘लक्ष कुठे होतं?’ हेही तिलाच ऐकायचं! जत्रेत स्टॉलची पावती फाडणाऱ्यांनी पावतीबरोबर एक सूचना का देऊ नये, की तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी खूण असलेलीच ठेवा? बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, अंगणवाडीच्या पालकसभेत हा विषय निघायला काय हरकत आहे? आमच्या भिशीत मी काढला. आधी हसल्या सगळ्या, मग एकेकीनं आपापल्या घरातला असाच प्रसंग सांगितला. कुणाच्या नाकात मोती, कुणाच्या घशात बटण. यंदा आम्ही सात जणी मिळून जत्रा समितीला अर्ज देणार आहोत. बघू या काय होतं.

त्या चार दुकानांपैकी एकात अखेर खूण असलेला सेट मिळाला. दोन कप, किटली आणि ट्रे, किंमत साडेतीनशे. परवडला म्हणून घेतला. ज्यांना परवडणार नाही त्यांच्या मुलांचं काय, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. वाढदिवसाला लेकीचा तीन वर्षांचा मुलगा आला होता. त्याला आम्ही गाडी घेतली होती. गाडी कोपऱ्यात पडली आणि हा पठ्ठ्या दिवसभर किटली घेऊन सगळ्यांना चहा वाटत होता! जावईबापू जरा चुळबुळले, तेव्हा लेक म्हणाली, ‘अहो, शिकू दे की. पुढे कुणाला तरी आयता चहा मिळेल.’

आणि हो, ज्या दुकानदारानं मला वेड्यात काढलं होतं त्याच्याकडे परवा पुन्हा डोकावले. मला बघताच म्हणाला, ‘काकू, तुमच्यानंतर आणखी तिघी जणी विचारून गेल्या. पुढच्या मालात मागवतोय शिक्केवाला.’ मागवेल की नाही, बघायला मी जाणारच आहे. तुम्हीही तुमच्या गावात विचारा.