न बोलणाऱ्या मुलीचा दावा

सीमेपलीकडे उदगीर-निलंग्याची मुले अद्याप आंब्याच्या अढीभोवती घुटमळत असतात, तेव्हा अलीकडे औराद-भालकीच्या मुलांची सुट्टी संपलेली असते. महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात, कर्नाटकातील मे महिना सरता सरता. या मुलांचे आजे-पणजे एकाच बीदर जिल्ह्याचे रहिवासी होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने तो जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. शाळा उघडण्याच्या दिवशी दारास तोरण लागते, मुलांस गोड खाऊ मिळतो. आणि त्या तोरणाखालून पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या पोटात गोळा उठतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, “रडू द्या, आठ दिवसांत सवय होईल.” आमची फिर्याद आहे ती या वाक्याविरुद्ध.

आईचा पदर सोडताना सर्वच मुले भितात आणि ती भीती खरोखरच आठ दिवसांत ओसरते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सीमाभागातील मुलाच्या भीतीत आणखी एक भर असते. आमच्या परिचयाच्या एका घरातील सहा वर्षांची मुलगी घरी दिवसभर अखंड बोलणारी. शाळेत पहिल्याच दिवशी तिला कन्नडमध्ये नाव विचारले गेले आणि ती गप्प राहिली. नाव तिला ठाऊक होते. प्रश्न ठाऊक नव्हता. दुपारी बाहेर जाण्याची परवानगी कोणत्या शब्दांत मागावी हे न उमजल्याने ती जागीच बसून राहिली, आणि व्हायचे ते झाले. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिचे पोट दुखू लागले. घराने तिला हट्टी ठरविले, शाळेने मठ्ठ. दोन्ही निकाल एकतर्फी होते, कारण प्रतिवादीचे म्हणणे तिच्या भाषेत कोणी ऐकूनच घेतले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५६ सालीच सातव्या दुरुस्तीने संविधानात ३५० क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक संस्थांनी करावा, असे तो सांगतो. ‘प्रयत्न’ या शब्दाआड कित्येक कचेऱ्या सुखाने झोपल्या आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ अभ्यासक्रम व मूल्यमापन ठरविताना कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात हे सांगते. त्यात माध्यम ‘शक्यतोवर’ मातृभाषेचे असावे, असे एक वचन आहे. आणि त्याच्या लगेच पुढे, मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त करावे, असे दुसरे. या दुसऱ्या वचनात ‘शक्यतोवर’ नाही! म्हणजे मातृभाषेपुरती सबब चालेल. भयापुरती चालणार नाही. आणि जेथे भयाचे मूळच न समजणाऱ्या भाषेत आहे, तेथे पहिल्या सबबीने दुसरे कर्तव्य बुडविता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

“म्हणजे तुम्हांला कन्नड नको?” असा प्रश्न लागलीच येईल. कन्नड अवश्य हवी. २०१५ च्या कायद्याने ती पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकविणे आवश्यक केले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या राज्यात राहावयाचे, कचेरीत जावयाचे, पोट भरावयाचे, तेथील भाषा न शिकणे हा करंटेपणा होय. परंतु भाषा शिकविणे निराळे आणि न शिकविताच तिच्यातून सर्व काही विचारणे निराळे. पोहणे शिकविणाराही पोराला प्रथम उथळ पाण्यात उतरवितो.

निजामी अमदानीत १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, माध्यमिक शाळांतही तिचाच अंमल. तेव्हा मराठी आणि कन्नड मुले एकाच बाकावर बसून एकाच परक्या भाषेत अडखळत होती. आमच्या कोकणी वाचकांच्या वडीलधाऱ्यांनी गोव्यात १९६१ पर्यंत सरकारी शाळांत पोर्तुगीज अशीच सोसली. सोसलेल्यांनीच ते विसरावे, यासारखा खेद नाही.

पण आम्ही स्वकीयांनाही सोडणार नाही. सीमावादाच्या मिरवणुकीत या मुलाला पताकेसारखे नाचविणारे पुढारी स्वतःच्या नातवंडांस इंग्रजी शाळेत धाडतात. माध्यम निवडण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी मान्य केला आहे. तो बजावावा, मात्र मग दुसऱ्याच्या लेकरावर मातृभाषेचे व्याख्यान झोडू नये. आणि याहून कडू गोष्ट अशी: बीदर-कलबुर्गीच्या तांड्यांवरील लमाणी मूल जेव्हा आमच्या मराठी शाळेत येते, तेव्हा तेही असेच गप्प बसते. त्याला मठ्ठ कोण म्हणतो? आम्हीच. जो न्याय आम्ही बेंगळुराकडे मागतो, तो आमच्याच वर्गातील मागल्या बाकावर आम्ही नाकारतो.

आमची मागणी अल्प आहे. सीमेवरील प्रत्येक शाळेत, तिचे माध्यम कोणतेही असो, पहिल्या दोन इयत्तांना मुलाची घरची बोली समजणारे एक तरी माणूस असावे. गुरुजींना ती येत नसेल तर त्यांनी दहा वाक्ये शिकावीत: नाव काय, भूक लागली का, पोट दुखते का, बाहेर जायचे आहे का. साठीकडे झुकलेल्या पदवीधराला दहा वाक्ये जड वाटत असतील, तर सहा वर्षांच्या लेकराकडून आठ दिवसांत सगळी भाषा मागण्याचा त्याला अधिकार उरत नाही.

ती मुलगी अजून शाळेत जाते. रडत नाही, म्हणून सर्वांना वाटते की तिला सवय झाली. ती बोलतही नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलेले नाही.