कोणत्या पुराचं किट?

मे महिना सरत आला की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात : 'बहात्तर तासांचं आपत्कालीन किट.' लाल पिशवी, तिच्यावर पांढरी फुली. आत टॉर्च, शिट्टी, चंदेरी पन्नीचं ब्लँकेट, होकायंत्र, आग पेटवायची चकमक आणि मासे धरायचा गळ. सांगलीच्या गावभागात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाने होकायंत्र काढून उत्तर दिशा शोधावी, अशी काहीतरी विक्रेत्याची कल्पना असावी. गळाला कृष्णेतली मगर लागली नाही म्हणजे मिळवली.

ही पिशवी घेऊन कपाटात टाकणारा एक पक्ष आहे. त्याला हसणारा दुसरा पक्ष म्हणतो, 'ही सगळी परदेशी खुळं. आपल्याकडे शेजारी धावून येतात, गणेश मंडळाची पोरं येतात, सरकार बोट पाठवतं.' दोघांचं भांडण जोरात चालतं, पण तुमच्या दारात नेमकी कोणती आपत्ती येणार आहे, हा साधा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

आधी दुसऱ्या पक्षाचं बघू, कारण त्याचा सूर जास्त चढा असतो. संकटाआधी साठा करणं जर परदेशी खूळ असेल, तर कोकणातली आगोट कुठल्या देशातून आली? मृगाच्या आधी सुकी मासळी, मीठ, मिरची, कडधान्य, सुकी लाकडं आणि गोवऱ्या घरात भरून ठेवायच्या, कारण पुढचे दोन-तीन महिने वाट बंद होऊ शकते, नदी उतरता येणार नाही, हे गृहीत धरूनच ती घरं चालत होती. रस्ते झाले, दुकानं दाराशी आली, आगोट मागे पडली. पाऊस मात्र होता तिथेच आहे.

शेजारी धावून येतात, हे खरंच आहे. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यावर उभं राहून चहा-बिस्किटं वाटली. पण शेजारी धावतो तो स्वतः कोरडा असेल तर. महापुरात अख्खी गल्ली एकाच पाण्यात असते. आणि शेजाऱ्याकडे तुमच्या आईची रक्तदाबाची गोळी नसते.

सरकारचं म्हणाल, तर २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात घर दोन दिवसांहून जास्त काळ पाण्याखाली असलेल्या कुटुंबांना मोफत गहू-तांदूळ, असा निकष कागदावर आला होता आणि त्यावर गदारोळ उठला होता. मला त्या दोन दिवसांपेक्षा गहू-तांदळाचंच नवल वाटलं. चूल पाण्यात, सिलिंडर वाहून गेलेला, पिठाची गिरणी बंद; त्या घराने गहू घेऊन करायचं काय? सरकारी मदत यायलाच हवी आणि ती हक्काने मागायलाही हवी. पण ती येते पाणी ओसरताना. पाणी चढताना लागणाऱ्या वस्तू घरातच असाव्या लागतात.

आता लाल पिशवीवाले. बहात्तर तासांचा आकडा अमेरिका-जपानकडच्या सल्ल्यांतून आला. वाहतूक तुटली तर मदत पोचायला तीन दिवस लागू शकतात, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही, आपल्याकडे तो अपुरा पडतो. २०१९ साली पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. कोल्हापुरात चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती.

पण माझा मुख्य आक्षेप दिवसांच्या आकड्यावर नाही, एकच पिशवी सगळ्या आपत्तींना पुरते या समजुतीवर आहे. सांगली-कोल्हापूरचं पाणी सावकाश चढतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. लोक फूट-इंचांचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे एकमेकांना विचारत असतात. तिथे हातात एक-दोन दिवस असतात, जनावरंसुद्धा हलवता येतात. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी काही तासांत बाजारपेठ बुडाली; तिथे वेळ होता तो माळ्यावर चढण्यापुरता. माळीणला ३० जुलै २०१४ च्या सकाळी आणि इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला, तिथे पिशवीला हात लावायलाही क्षण मिळाला नाही. दरडीच्या गावाचं किट म्हणजे जोराचा पाऊस लागताच रात्री मुक्कामाला जायची दुसरी जागा. इर्शाळवाडीचं नाव तर धोकादायक गावांच्या यादीतही नव्हतं, म्हणून यादीत नाव नाही यावर विसंबू नये; घरामागच्या उतारावर नवी भेग दिसली किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर पाहणीची वाट न बघता उठावं. भूकंपाचं आणखी वेगळं. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा, दोन्ही पहाटे, माणसं गाढ झोपेत असताना झाले. तिथे उशाशी टॉर्च आणि पलंगाखाली जाड तळाच्या चपला, एवढं पिशवीतल्या निम्म्या वस्तूंपेक्षा मोलाचं, कारण अंधारात फुटक्या काचांवरून अनवाणी कोणी फार लांब जात नाही.

पूरगावांत आणखी एक समजूत आहे : 'मागच्या वेळी इथपर्यंत आलं होतं, त्याच्या वर ठेवलं की झालं.' भिंतीवर रेघ असते, बाजूला साल लिहिलेलं असतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ २००५ साली पाणी चोपन्न फुटांच्या आसपास गेलं. त्या रेघेच्या भरवशावर पुढे फळ्या ठोकल्या गेल्या, माल रचला गेला. २०१९ साली पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. रेघ म्हणजे पाणी मागे कुठे थांबलं याची नोंद. पुढे कुठे थांबेल याची हमी तिने कधी दिली नव्हती.

मग घरात काय असावं? मी खरेदीपासून सुरुवात करत नाही, उंचीपासून करतो. चिपळूणच्या त्या पुरात एसटीच्या आगारातल्या अधिकाऱ्याने आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर कित्येक तास काढले. रोकड वाचली, कारण ती उचलून वर नेण्याजोगी एका जागी होती. तुमच्या घरातली मोलाची वस्तू एका हाताने उचलता येते का? खरेदीखत, मुलांची मूळ गुणपत्रकं, विम्याची पॉलिसी, दवाखान्याची फाईल हे सगळं चार कपाटांत आणि एका गादीखाली असेल, तर कुठलंही किट उपयोगाचं नाही. आधार, वाहनाची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असतात, डिजिटल सहीचा सातबारा पुन्हा काढता येतो. खरेदीखताची मूळ प्रत तशी हाती येत नाही. म्हणून जाड प्लास्टिकच्या पिशवीत आधी ते.

औषधांचं तसंच. स्ट्रिप संपत आली की आणू, ही सवय पावसाळ्यात सोडावी. पंधरवड्याच्या गोळ्या हाताशी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी वीज गेली की घबराट उडते. वापरात असलेली बाटली उन्हापासून लांब ठेवली, तर साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते; बाकीच्या बाटल्या माठात, कोरड्या डब्यात घालून थंड ठेवता येतात. हे आपल्या डॉक्टरांना एप्रिलमध्येच विचारून घ्यावं.

पाण्याचा हिशेब मांडला की लाल पिशवी आपोआप उघडी पडते. माणशी दिवसाला चार लिटर धरलं, तर चौघांचं तीन दिवसांचं पाणी अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे अठ्ठेचाळीस किलो. हे पाठीवर घेऊन कोण पळणार? ते आधीच वर, माळ्यावर हवं. सरबताच्या रिकाम्या बाटल्या त्यासाठी पुरतात. सोबत पाणी शुद्ध करणाऱ्या मेडिक्लोरची बाटली, आणि तिच्यावर लिहिलेलं थेंबांचं प्रमाण चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत कागदावर उतरवलेलं. खाण्यासाठी डबाबंद परदेशी बिस्किटांची गरज नाही. भडंग, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, सातूचं पीठ. ज्या मुलखात हे पिढ्यान्‌पिढ्या शिदोरीला बांधलं जातं, तिथे एनर्जी बार विकत घ्यावा लागणं ही थोडी लाजच आहे. आणि घर सोडताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडर बांधून ठेवावा. रिकामा तर तरंगतोच, भरलेलाही तरंगतो, आणि ओढला गेला तर नळी तोडून जातो.

एका वस्तूबद्दल कुठलीच जाहिरात बोलत नाही. तळमजला पाण्यात, माळ्यावर सहा माणसं, संडास बुडालेला. रात्र काढायची. पुरुष कडेला उभं राहून मोकळे होतात. बायका दुपारपासूनच पाणी प्यायचं बंद करतात, आणि मग घेरी येणं, लघवीला जळजळ हे ओघाने आलंच. झाकणाची बादली, जाड काळ्या पिशव्या, राख किंवा ब्लीचिंग पावडर, आडोशाला जुनी साडी आणि तिच्यासाठी दोरी, सॅनिटरी पॅड. हे सगळं होकायंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतं. पूर ओसरला की मदतीच्या गाड्यांतून जुन्या कपड्यांचे ढीग येतात, त्यांत ही बादली नसते.

एक आक्षेप उरतो, आणि तो खरोखर वजनदार आहे. 'ज्याला माळाच नाही, त्याने काय करायचं?' नदीकाठच्या वस्तीत पत्र्याच्या एका खोलीत भाड्याने राहणाऱ्याला उंचीचा सल्ला देणं म्हणजे त्याची चेष्टाच. पंधरवड्याची औषधं आगाऊ घ्या, हे रोजंदारीवरच्या माणसाला सांगायला मला संकोच वाटतो. इथे घरगुती किटची बाजू लंगडी पडते आणि ते कबूल करायला हवं. मात्र त्यावरून 'किट हा पैसेवाल्यांचा छंद' असा निष्कर्ष निघत नाही. ज्याच्या घरात ते मावत नाही, त्याचं किट शाळेच्या वरच्या मजल्यावर, समाजमंदिरात, ग्रामपंचायतीत असायला हवं, एवढाच निघतो.

ते असतं का? ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना पुरातून बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पुढची बोट येईल असा भरवसा नसला, की आहे त्या बोटीत सगळेच चढतात. त्यामुळे बोट किती माणसांची, तिचं इंजिन शेवटचं कधी सुरू करून पाहिलं, जीवरक्षक जॅकेटं किती आणि त्यात लहान मुलांच्या मापाची किती, ती ठेवलेल्या खोलीची किल्ली रात्री कोणाकडे असते, गावात अंथरुणाला खिळलेली माणसं कोण आणि त्यांना उचलायला कोण जाणार, हे प्रश्न पावसाआधी, माणसं जमलेली असताना आणि इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने विचारायला हवेत. १ मेला ग्रामसभा असते. बहुतेक ठिकाणी ती सत्यनारायणाच्या प्रसादाच्या वेगाने उरकते. या वर्षी तिथे हात वर करा आणि पहिल्यांदा किल्लीचं विचारा.